उजवीकडची खुर्ची

‘मी तुझ्या उजवीकडे बसतो, ते केवळ तुझ्या भल्यासाठी’ असे अधिकृत निवेदन माझ्या नवऱ्याने केलेले आहे. ते त्याने प्रथम माझ्यापुढे केले, मग माझ्या धाकट्या बहिणीपुढे, आणि शेवटी शेजारच्या काकूंनी विचारलेले नसतानाही त्यांच्यापुढे. तिन्ही प्रतींत एका शब्दाचाही पाठभेद नाही. जुनी हस्तलिखिते ताडून पाहण्यात ज्यांचे आयुष्य गेले आहे त्यांना ठाऊक असते, की खरे सांगणारा माणूस दर वेळी थोडे वेगळे सांगतो. शब्दशः तेच सांगणाऱ्याने ते पाठ केलेले असते.

पण या निवेदनाकडे वळण्याआधी आणखी एक अधिकृत विधान निकालात काढायला हवे. माझ्या मेंदूच्या मागच्या भागातून, डाव्या अंगाने, लिंबाएवढी गाठ काढल्यानंतर रुग्णालयाने जो कागद हातात ठेवला, त्यावर ‘दोन्ही डोळ्यांची दृष्टी उत्तम’ असे छापले आहे. ते असत्य नाही. समोर टांगलेल्या तक्त्यावरची अगदी तळाची, मुंगीएवढी अक्षरेसुद्धा मी वाचून दाखवली होती. मात्र ज्या अक्षराकडे मी पाहते त्याच्या उजवीकडे काय आहे, ते मला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. प्रत्येक डोळ्यातला उजवा अर्धा भाग गेलेला आहे. लोक सहानुभूतीने विचारतात, ‘तिकडे काळोख दिसतो का हो?’ मी त्यांना उलट विचारते, तुमच्या पाठीमागे आत्ता तुम्हाला काळोख दिसतो आहे का? तिथे काहीच दिसत नाही, आणि दिसत नाही याची खंतही नसते. माझी पाठ आता नाकापासूनच सुरू होते, एवढाच फरक.

आमच्या भाषेत डोळ्यांवर इतके वाक्प्रचार आहेत की आजाऱ्याला त्यांच्यापासून सुटका नाही. भेटायला येणारा प्रत्येक जण डोळ्यांत तेल घालून माझी काळजी घेण्याचा सल्ला नवऱ्याला देई आणि मग जीभ चावे. देवाने निदान एक बाजू ठेवली, असेही एक गृहस्थ म्हणाले. मी त्यांना नमस्कार केला. डावीकडे उभे होते म्हणून दिसले.

माझा व्यवसाय वाचण्याचा. एकाच जुन्या ग्रंथाच्या निरनिराळ्या हस्तलिखित प्रती समोर ठेवायच्या, नकलाकारांच्या चुका वेगळ्या काढायच्या, आणि मूळ लेखकाने काय लिहिले असावे ते ठरवायचे. ओळ डावीकडून उजवीकडे जाते. म्हणजे पुढचा प्रत्येक शब्द माझ्यासाठी कड्यावरून खाली उडी मारलेला. शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा संस्थेत गेले तेव्हा एक ओळ वाचायला मला पूर्वी एका पानाला लागे तेवढा वेळ लागला. मग एके दिवशी वैतागून मी पान उलटे धरले. डोके खाली, पाय वर. आता ओळ उजवीकडून डावीकडे धावू लागली आणि पुढचा शब्द माझ्या उरलेल्या अर्ध्यात आपण होऊन येऊ लागला. एरवी शिरोरेषेला लोंबकळणारी अक्षरे जमिनीवर उभी राहावीत तशी रेषेवर उभी राहिली. सराव झाल्यावर मी बऱ्यापैकी वेगाने वाचू लागले. आमचे ग्रंथपाल दारातून डोकावले आणि म्हणाले, “पुस्तक उलटं आहे तुमचं.” मी म्हणाले, “तुम्ही सरळ आहात ना? मग झालं.”

हे एवढे सविस्तर सांगितले ते अशासाठी, की माझी बुद्धी शाबूत आहे हे नोंदले जावे. पुढे जो संशय येणार आहे, तो गाठीतून आलेला नाही.

नवरा मोटार चालवायला शिकवतो. आयुष्यभर तो शिकाऊ माणसाच्या डाव्या हाताला बसत आला आहे. पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक, काचेवर स्वतःचा वेगळा छोटा आरसा. ही बैठक त्याच्या हाडात इतकी मुरली आहे की नाटकाला गेलो तरी तो माझ्या डावीकडे, बाकावर बसलो तरी डावीकडे, पलंगावर झोपलो तरी डावीकडे. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने त्याला उजवीकडे उभे केले होते. त्या फोटोत तो हरवलेल्या सामानासारखा दिसतो. तीस वर्षे आमच्या जेवणाच्या टेबलाशी त्याची खुर्ची डावीकडे होती, आणि मी रुग्णालयातून घरी आल्यावर काही दिवसांतच ती उजवीकडे गेली.

पाठचिकित्सेत एक साधा नियम आहे. दोन पाठांपैकी अवघड पाठ अधिक विश्वसनीय मानावा. कारण नकलाकार सवयीने सोप्याकडे घसरतो, अवघडाकडे कोणी सहज घसरत नाही. ज्या माणसाची हाडे डावीकडे बसतात, तो उजवीकडे बसू लागला, तर त्यामागे कारण असते. आणि कारण फार बळकट असते.

माझ्या मते ते कारण चोवीस-पंचवीस वर्षांचे होते आणि आठवड्यातून एकदा घरी येत असे.

ती दृष्टिशिक्षिका. गेलेला अर्धा भाग परत आणणे तिच्या हातात नव्हते. उरलेल्या अर्ध्याला उजवीकडे फिरत राहण्याची सवय लावणे, हे तिचे काम. टेबलावर ती रंगीत सोंगट्या पसरे आणि मला शोधायला लावी. मी मनातल्या मनात तिचे नाव ‘लोलक’ ठेवले होते, कारण डोळे घड्याळाच्या लोलकासारखे फिरवा, हे तिचे पालुपद. आणि हा लोलक माझ्या नवऱ्याकडे मोटार शिकत होता. शिकवणी संपली की दोघे खाली उतरत, आणि खिडकीतून मला गाडीचा डावा अर्धा भाग जाताना दिसे. तो ज्यात बसलेला असे तो.

“मॅडम, मान नाही, डोळे,” ती म्हणे. “मान वळवणं म्हणजे खिडकी उघडायची सोडून अख्खं घर फिरवणं.”

“माझे शिकाऊही हेच करतात,” उजवीकडून नवऱ्याचा आवाज येई. “आरसा बघ म्हटलं की तोंड धुवायला निघाल्यासारखे आरशात घुसतात.”

“सर, मी नाही हं घुसत.”

“तू? तू काल कचऱ्याच्या डब्याला दिवा दाखवून आधी जाऊ दिलंस.”

“तो पुढे आला होता!”

“डबा?”

मग हसणे. हसण्याला दिशा असते, हे अर्धे जग गेल्यावर कळते. ते हसणे माझ्या कानामागे एकापासून निघून दुसऱ्यापाशी पोहोचत असे. वाटेत माझ्यावर थांबत नसे.

“मी इथेच बसले आहे,” मी एकदा म्हणाले.

“हो ना मॅडम, तुमच्यासाठीच तर चाललंय,” लोलक म्हणाली. “हिरवी सोंगटी कुठेय?”

हिरवी सोंगटी मला सापडली नाही. मी ती शोधतच नव्हते. नवऱ्याची खुर्ची किती सरकली, तिची किती, आणि दोन्ही आवाजांच्या मधले अंतर किती उरले, हे मी मोजत होते. ज्ञानार्जनासाठी केलेले कोणतेही काम मी यापेक्षा अधिक एकाग्रतेने केलेले नाही. तिचे दोन्ही डोळे धडधाकट आहेत, ती हवे तिकडे पाहू शकते, आणि तरीही ती माझ्या नवऱ्याकडेच पाहत असावी, ही कल्पना मला उधळपट्टीसारखी वाटे. मी तिच्या पापण्यांचा हेवा करीत असे. पन्नाशी उलटलेल्या विदुषीला हे शोभत नाही. मला ठाऊक आहे काय काय शोभत नाही. त्यावर मी संदर्भासहित लिहू शकेन.

धाकटीला मी फोनवर सांगितले. ती म्हणाली, “ताई, डॉक्टरांनी एवढं डोकं उघडलं, तेव्हा संशयाची गाठही काढून टाकायची ना. एका भुलीत झालं असतं.”

“तो माझ्या उजवीकडे बसतो. गप्प बसतो. का?”

“भावोजी आधी बोलायचे तेव्हा तू म्हणायचीस, बडबड करतो. आता गप्प आहेत तर म्हणतेस, का. तुझ्या नवऱ्याला निदान प्रश्नपत्रिका तरी एकच दे गं.”

धाकटीचा युक्तिवाद उथळ होता, पण त्यात एक शब्द असा होता की मी फोन ठेवल्यावरही तो खाली ठेवू शकले नाही. गप्प. सोंगट्यांच्या वेळी, लोलक असताना, तो उजवीकडून भरभरून बोले. ती गेली आणि घरात आम्ही दोघेच उरलो, की त्याच खुर्चीतून अवाक्षर येत नसे. स्वयंपाकघरात, जिन्यात, माझ्या डाव्या अंगाला असला की नेहमीसारखा बोले: गॅस आलाय, दूधवाला आला नाही, त्या पोरीला आजही गाडी मागे घेता आली नाही. टेबलाशी, उजवीकडे बसला, की संपला. जणू खुर्चीत कोणी नाहीच. सांभाळणारा माणूस आपण जवळ आहोत हे कळू देतो. हा ते लपवीत होता.

मी पुरावा जमवायचे ठरवले आणि साक्षीदार म्हणून प्रथम आरोपी बोलावली. त्या दिवशी नवऱ्याला यायला उशीर होता. लोलक सोंगट्या गोळा करीत होती.

“गाडीत काय बोलतात गं सर?” मी विचारले. स्वर शक्य तितका सहज ठेवला होता. म्हणजे तो मुळीच सहज नसणार.

सोंगट्यांचा आवाज थांबला. “मॅडम,” ती म्हणाली, आणि हसू दाबते आहे हे मला न बघताही कळले, “सर गाडीत तीन शब्द बोलतात. क्लच, ब्रेक, आई गं.”

“बाकी काही नाही?”

“बाकी तुमच्याबद्दल. मी चुकले की म्हणतात, आमच्या घरी असतीस तर लाल शाईत निघाली असतीस.” मग ती खुर्ची ओढून माझ्या डावीकडे येऊन बसली. पहिल्यांदाच मला तिचा चेहरा सलग दिसला; नाकावर पुळी होती, आणि तो दमलेला होता. “खरं सांगू? माझं सरांशी भांडणच होतं दर वेळी. खाली गाडीत. तुमच्यावरून.”

“माझ्यावरून?”

“उजवीकडून बोलण्यावरून. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं त्यांना. खुर्ची मॅडमच्या उजवीकडे घ्या आणि तिथून बोलत राहा. हाक मारा, पेला वाजवा, वाटेल ते विचारा. त्यांचे डोळे दिवसातून शंभर वेळा तिकडे गेले पाहिजेत. आठवड्यातून एकदा माझ्याकडून काय होणार? हे घरीच व्हायला हवं, आणि आत्ताच, सुरुवातीच्या महिन्यांत. तुमची प्रगती जेवढी व्हायला हवी तेवढी होत नाहीये, म्हणून मी विचारते, बोलताय ना सर? ते हसून विषय बदलतात.” तिने हातातली सोंगटी टेबलावर ठेवली. “बोलतात ना ते?”

“बोलतो की,” मी म्हणाले. “रोज बोलतो.”

हे असत्य मी का सांगितले याचे उत्तर सोपे आहे. नवऱ्याचे बोलणे तिला मिळत होते. त्याचे मौन तरी माझे एकटीचे राहू द्यावे, असे मला वाटले.

आरोपी निर्दोष सुटली. नियमाप्रमाणे मला हायसे वाटायला हवे होते. परंतु मत्सर हा असा भाडेकरू आहे, की एक खोली काढून घेतली तर तो दुसरीत पथारी टाकतो. निवेदनाचे मूळ आता हाती आले होते. ‘उजवीकडे बसा आणि बोला’ असे मूळ वचन. त्याने अर्धे पाळले, अर्धे गाळले, आणि त्या अर्ध्याला ‘तुझ्या भल्यासाठी’ असे शीर्षक दिले. अर्धवट अवतरण हा आमच्या क्षेत्रात सर्वांत गंभीर गुन्हा आहे, कारण त्यातला प्रत्येक शब्द खरा असतो. तो मला माझे डोळे परत मिळवू देत नव्हता. त्या बाजूला असे काय होते, जे त्याला माझ्यापासून राखायचे होते? आणि कोणासाठी?

मान वळवून मी पाहिलेही होते. माझी मान वळू लागली की आगाऊ सूचना जाते. पोहोचेपर्यंत तिथे एक सभ्य, ताठ, घास चावणारा गृहस्थ बसलेला असे. म्हणून मी त्याच्या कपाटाचा खण उघडला आणि त्याच्या धंद्यातली एक वस्तू घेतली: रबरी चोखणीने काचेला चिकटणारा, तळहाताएवढा आरसा. शिकवणारे तो जादा लावतात. शिकाऊ माणूस नेमका कुठे पाहतो आहे हे त्यात दिसते. पुस्तकांच्या कपाटाला काचेचे दार आहे आणि ते टेबलाच्या डाव्या बाजूला आहे. रविवारी दुपारी, जेवणाआधी, मी आरसा त्या काचेवर दाबून बसवला, आणि उजवीकडची खुर्ची त्यात मावेपर्यंत तो तिरका केला. माझी उजवी बाजू माझ्या डाव्या बाजूला आली. उलटे पान धरायला शिकलेल्या बाईला हे अवघड नव्हते.

आम्ही जेवायला बसलो. मी डोळे ताटाकडे ठेवले आणि मग, लोलकाने शिकवले होते तसे, मान न हलवता ते सरकवले.

आरशात एक माणूस जेवत होता. एक कोपर टेबलावर, हनुवटी मुठीवर. शर्टाची वरची दोन बटणे उघडी. तो तोंड उघडे ठेवून, सावकाश, चवीने चावत होता, आणि चावता चावता खिडकीबाहेरच्या कशाशी तरी ओठांतल्या ओठांत बोलत होता. रस्सा शर्टावर सांडला. त्याने तो बोटाने निपटला, बोट चाटले, आणि स्वतःशीच हसला. एका गालात, थोडे आगाऊ, शाळेतून पळून आलेल्यासारखे. मग पाठ सोडून दिली आणि खुर्चीत पसरला. त्याच्या खांद्यांना एवढा उतार आहे, हे मला ठाऊक नव्हते.

तीस वर्षांत मी तो चेहरा पाहिला नव्हता. गाडीत लोलकाला तो दिसत असेल का, हा प्रश्न क्षणभर मनात आला आणि मला त्याची गरजही उरली नाही. हा चेहरा त्याने कोणत्याही बाईला दिलेला नव्हता. तो त्याने माझ्याच डोक्यातल्या त्या जागेला दिला होता, जिथून गाठ काढली. माझी सवत माझ्याच कवटीत राहत होती. तिला डोळे नव्हते, आणि म्हणून ती त्याला आवडली होती. लोलकाचा द्वेष करणे किती सोपे होते. स्वतःच्या अर्ध्या भागाचा हेवा करण्यासाठी माणसाला उभे राहायला जागाच नसते.

शिकाऊ लोकांना तो पहिल्या दिवशी एक गोष्ट सांगतो: आरशात ज्याचे डोळे तुम्हाला दिसतात, त्याला तुमचे दिसतात. दुसरी गोष्ट तो सांगत नाही, करतो: त्याची नजर सतत आरशांकडे जाते, घरातसुद्धा, पाण्याच्या चकचकीत तांब्यावरसुद्धा. ती आताही गेली. पुस्तकांच्या काचेवर त्याला स्वतःची वस्तू दिसली, आणि वस्तूत मी.

कोपर टेबलावरून उतरले. तोंड मिटले. पाठ खुर्चीला लागून ताठ झाली. एक हात वर जाऊन बटणे लावू लागला. परीक्षक गाडीत येऊन बसल्यावर शिकाऊ माणूस बसतो, तसा तो बसला. मी माझी मान वळवली नाही. आरशातच पाहत राहिले.

“हे कधीपासून?” मी विचारले.

“अगं, मी तुझ्या उजवीकडे बसतो ते केवळ तुझ्या भल्यासाठी...”

“ही नक्कल झाली. मूळ सांग.”

त्याने शेवटचे बटण लावले. मग तो बोलला, आणि आम्ही दोघेच असताना त्या खुर्चीतून पहिल्यांदाच, पाठ न केलेले बोलला. त्याचे म्हणणे मी इथे जसेच्या तसे देत आहे. वाक्ये तुटकी आहेत, विषय भरकटतो, काही शब्द दोनदा आले आहेत. मी एकही दुरुस्ती केलेली नाही.

“मुद्दामच बसतो. आधी नाही, आधी खरंच ती पोरगी म्हणाली म्हणून बसलो, खुर्ची उचलून. बोलणारही होतो. पण पहिल्याच जेवणात माझ्या हातून सांडलं, असंच, शर्टावर, आणि तू काही बोलली नाहीस. मी वाट बघत होतो तुझ्या बोलण्याची. मला वाटलं, मरणाच्या दारातून आली, बदलली, आता असल्या गोष्टी सोडून देणार. मग कळलं, दिसलंच नाही तुला. आणि मला बरं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण बरं वाटलं. तुझ्या डावीकडे बसलो की मी रोज परीक्षेला बसलेला असतो गं. तीस वर्षं. तू काही वाईट बोलतेस असं नाही, नुसती बघतेस, आणि मला कळतं कुठे खूण पडली. इकडे नुसता बसतो. म्हणून बोललो नाही. बोललो असतो तर तू वळली असतीस. श्वाससुद्धा हळू घ्यायचो. ती पोरगी ओरडायची, सर बोला, सर बोला, त्यांचे डोळे वळू देत. आणि त्या दिवशी डॉक्टर म्हणाले ना, थोडं थोडं परत येऊ शकतं, कोणी सांगावं, आणि तुझ्या बहिणीने हात जोडले, तेव्हा मीही जोडले. पण मी मनात म्हटलं, बाकी सगळं परत येऊ दे, एवढी बाजू राहू दे.”